गटमुलाखतीला सामोरे जाताना

मुलाखत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. लांबट टेबल, पलीकडे तीन-चार गंभीर चेहरे, अलीकडे एक रिकामी खुर्ची, आणि दाराबाहेर प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून बसलेले, एकमेकांशी न बोलणारे उमेदवार. ज्याचे नाव पुकारले जाईल त्याने आत जायचे, विचारले तेवढे सांगायचे आणि बाहेर येताच बाकीच्यांच्या "काय विचारलं?" या प्रश्नाला तोंड द्यायचे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेली मुलाखत ही अशी.

गटमुलाखतीत दाराबाहेरचे हे सगळेच उमेदवार एकदम आत बोलावले जातात. आठ-दहा जणांना गोलाकार बसवतात, एखादा विषय किंवा एखादे काम देतात, आणि परीक्षक बाजूला जाऊन बसतो. तो प्रश्न विचारीत नाही, मदत करीत नाही, होकारार्थी मानही हलवीत नाही. फक्त पाहतो आणि लिहितो.

मी स्वतः अशा दोन परीक्षांना बसलो आहे. एकदा भोपाळला, सैन्यदलाच्या निवड मंडळापुढे, आणि एकदा एका बँकेत अधिकारीपदासाठी. भोपाळला शेवटच्या दिवशी वाचलेल्या क्रमांकांत माझा क्रमांक नव्हता; बँकेचे नेमणूकपत्र हाती आले आहे आणि एम. ए. ची परीक्षा संपली की मी रुजू होईन. पण हा लेख लिहायला बसलो तो माझी हकीकत सांगण्यासाठी नव्हे. आपल्या महाविद्यालयातून लेखी परीक्षा पार करणारे विद्यार्थी दरवर्षी थोडेबहुत असतातच. त्यांतले पुष्कळसे या टप्प्यावरून परत येतात, आणि परत येणाऱ्यांत वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली मंडळी हमखास असतात. ज्याला स्टेजवर कधी शब्द कमी पडला नाही तो दहाजणांच्या टेबलाशी कसा नापास होतो, हे कोडे मला बरेच दिवस छळत होते. त्याचे उत्तर मला सापडले असे वाटते.

आधी थोडा इतिहास सांगतो. तो ठाऊक असला म्हणजे परीक्षक काय शोधतो आहे हे लक्षात येते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मन सैन्याने अधिकारी निवडताना मानसशास्त्रज्ञांची मदत घेण्यास सुरुवात केली. उमेदवारांना एकत्र बसवून चर्चा करायला लावण्याची कल्पना त्यांच्याकडे होती. इंग्रजांकडे मात्र दुसरे महायुद्ध सुरू झाले तरी जुनीच रीत चालू होती. शाळा कुठली, वडील काय करतात, कोणता खेळ खेळता, एवढ्या विचारपुशीवर दहा-पंधरा मिनिटांत माणूस अधिकारी ठरे. यातले अनेकजण प्रशिक्षणकेंद्रातून नालायक म्हणून परत येऊ लागले, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १९४२ साली ब्रिटनमध्ये नवी निवड मंडळे स्थापन झाली. त्यांत काम करणाऱ्या विल्फ्रेड बायन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने एक साधी पण विलक्षण युक्ती काढली. उमेदवारांचा गट करायचा, त्यांना काम द्यायचे, आणि पुढारी मात्र नेमायचा नाही. मग कोण पुढे येतो, कसा येतो, आणि पुढे येताना शेजाऱ्याच्या पायावर पाय देतो की त्याचा हात धरतो, हे पाहत बसायचे. महायुद्ध चालू असतानाच १९४३ मध्ये ही पद्धत डेहराडूनला प्रायोगिक निवड मंडळाच्या रूपाने आपल्या देशात आली. आजची भोपाळ, प्रयागराज, बंगळूरु, जालंधर येथील मंडळे त्याच वंशातली. पुढे ब्रिटनमध्ये मुलकी अधिकाऱ्यांच्या निवडीतही ही पद्धत शिरली, आणि तेथून कारखाने, व्यवस्थापनशास्त्राच्या संस्था, बँका अशी ती पसरत गेली.

म्हणजे ही परीक्षा जन्मली तीच मुळी 'चांगल्या घरचा, चांगला बोलणारा' मुलगा ओळखण्याच्या जुन्या पद्धतीवर अविश्वास म्हणून. मराठी माध्यमातून आलेल्या, कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. गटमुलाखत ही शहरी, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांची मिरास आहे असे समजून आपण आधीच खांदे पाडून आत जातो. तिच्या मुळाशी असलेला हेतू नेमका उलट होता. तो प्रत्यक्षात नेहमीच पाळला जातो असे मी म्हणणार नाही. इंग्रजीचा दबदबा असतोच. त्याविषयी पुढे लिहितो.

आता ही परीक्षा कोणाला द्यावी लागते आणि कोणाला नाही, ते पाहू. केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीतल्या पदांसाठी, म्हणजे गट 'क' आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांसाठी, १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद झाली. सार्वजनिक बँकांच्या लिपिकांसाठीही आता मुलाखत नसते. या जागांची तयारी करणाऱ्यांनी गटचर्चेच्या शिकवण्यांवर पैसे घालवू नयेत. उलट स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदासाठी मुलाखतीला ३० गुण आणि सामूहिक अभ्यासाला, म्हणजे गटाने करावयाच्या कामाला, २० गुण असतात. अंतिम यादीत या दोन्हींचा मिळून वाटा १०० पैकी २५ धरतात. लेखी परीक्षेत दोघे खांद्याला खांदा लावून असले तर हे २० गुण नशीब फिरवायला पुरेसे आहेत.

आणि सैन्यदल. कोणत्याही शाखेचा पदवीधर लेखी परीक्षा देऊन भूदलाच्या अधिकारीपदासाठी जाऊ शकतो, हे अजून आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. आपल्या एन. सी. सी. च्या ज्या छात्रांजवळ निदान 'ब' श्रेणीतले 'सी' प्रमाणपत्र आहे आणि पदवीला ५० टक्के गुण आहेत, त्यांना तर लेखी परीक्षाही माफ असते. वय बसत असेल तर विशेष प्रवेशाने ते थेट निवड मंडळापुढे जातात. मुलींनाही हा मार्ग खुला आहे. नागपूरहून भोपाळ फक्त ३९० किलोमीटर. रात्री गाडीत बसले, इटारसी ओलांडले की उजाडते.

भोपाळच्या पाच दिवसांत गटाचे काम किती प्रकारचे असते ते थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग पंधरा-एक जणांच्या गटात प्रत्येकाने आपली गोष्ट मिनिटभरात सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक सामाईक गोष्ट ठरवायची. या शेवटच्या पायरीवर जो गोंगाट होतो तो इतवारीच्या ठोक बाजाराला लाजवील. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक मुले आपापल्या बॅगा उचलून स्टेशनवर गेलेली असतात. जे उरतात त्यांना दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय लेखी चाचण्या असतात आणि नंतरचे दोन दिवस मैदान. तेथे दोन गटचर्चा होतात. नकाशावर किंवा मातीच्या प्रतिकृतीवर एकाच वेळी चार-पाच संकटे मांडून ती कशी सोडवाल हे ठरवायचे असते. आणि फळी, बल्ली, दोर घेऊन अडथळ्यांपलीकडे सर्व गट न्यायचा असतो. लाल रंगाला शिवायचे नाही वगैरे नियम असतात. पाचव्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय करतात.

मैदानावरची कामे मला चर्चेपेक्षा प्रामाणिक वाटली. चर्चेत माणूस दोन वाक्ये पाठ करून नेऊ शकतो. फळी मात्र तुमचे पाठांतर ऐकत नाही. माझ्या गटात एक मुलगा होता, चर्चेत फारसा न बोललेला. पहिल्याच अडथळ्यापाशी बाकीचे "अशी ठेवा, तशी ठेवा" म्हणून ओरडत असताना त्याने मुकाट्याने बल्लीला दोर आवळला, टोक स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि म्हणाला, "तुम्ही पार व्हा, मी शेवटी येतो." त्याच्या खांद्यावरून आम्ही सातजण पलीकडे गेलो. शेवटच्या दिवशी वाचलेल्या दोन क्रमांकांत एक त्याचा होता.

मूळ कोड्याकडे येतो. आपल्या नागपूरला वक्तृत्वाची मोठी हौस. शाळेपासून आपण वादविवाद स्पर्धा गाजवत येतो. आता वादविवादाची रचना पाहा. बाजू आधीच ठरलेली असते. समोर प्रतिस्पर्धी असतो. बोलायची पाळी ठरलेली असते, मध्ये कोणी तोंड घालीत नाही, आणि घंटा वाजेपर्यंत व्यासपीठ आपल्या एकट्याच्या मालकीचे असते. समोरच्याचा मुद्दा मान्य करणे म्हणजे तेथे हार. श्रोत्यांच्या टाळ्या मिळाल्या की काम झाले. त्या विषयाचे पुढे काय झाले याच्याशी कोणाला कर्तव्य नसते.

गटचर्चेत यातली एकही गोष्ट नाही. पाळी नाही, घंटा नाही, प्रतिस्पर्धी नाही, टाळ्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटांच्या अखेरीस गटाच्या हाती काही लागले की नाही एवढाच प्रश्न असतो. वादविवादपटू येथे येतो आणि सवयीने एक बाजू पकडतो. शेजाऱ्याने उलट मुद्दा मांडला की त्याला खोडायला निघतो, खोडतोही, आणि मनातल्या मनात टाळ्या ऐकतो. परीक्षकाच्या वहीत त्या वेळी जे लिहिले जाते ते असे असावे : या उमेदवाराने गटाची चार मिनिटे घेतली, गट होता तेथेच राहिला.

"पण स्पर्धा आहे ना शेवटी? बाजूचा पुढे गेला तर मी मागे पडणार," असे कोणीही म्हणेल. याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. सैन्यदलाच्या निवड मंडळात प्रत्येक गटातून इतकेच घ्यायचे असा कोटा नसतो. दहाच्या दहा निवडले जाऊ शकतात आणि दहाच्या दहा घरी जाऊ शकतात. बँकेची गोष्ट निराळी, तेथे जागा मोजक्या असतात. पण तुमची स्पर्धा देशभरातल्या हजारो उमेदवारांशी असते आणि त्यांतले टेबलाभोवती बसलेले नऊच. त्या नऊजणांना हरवून यादीत तुम्ही किती वर चढणार? उलट ते नऊजण आणि तुम्ही मिळून चर्चा चांगली झाली तर तुम्हाला दाखवायला काहीतरी मिळते. चर्चेचा विचका झाला तर त्यात सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता, याला काय किंमत?

हे तत्त्व म्हणून पटते, पण वळणी पडत नाही. म्हणून आम्ही काहीजण गेल्या वर्षापासून दर शनिवारी तास संपल्यावर एका रिकाम्या खोलीत बसू लागलो. आठजण चर्चा करतात, नववा वही घेऊन बाजूला बसतो. कोण किती वेळा बोलला, कोणाचे वाक्य कोणी तोडले, कोणाच्या बोलण्यानंतर चर्चेची दिशा बदलली, अशा तीन रकान्यांत तो नुसत्या रेघा मारतो. आमच्या एका चर्चेची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

विषय होता : विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात घ्यावे काय? विषय घरचा असल्याने सर्वांनाच बोलायचे होते. पहिल्या मिनिटात एकाने २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचा दाखला दिला. दुसऱ्याने नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, ती गेली, त्याची ही भरपाई आहे असे सांगितले. तिसरा खर्चावर घसरला. सगळे सरकार गाडीत घालून आणायचे आणि दोन-तीन आठवड्यांत परत न्यायचे, हा उधळेपणा नाही का? झाले. आठ मिनिटे 'करार' विरुद्ध 'खर्च' अशी लढाई जुंपली. २०२० आणि २०२१ साली साथीच्या काळात अधिवेशन मुंबईतच झाले, त्यावाचून विदर्भाचे काय अडले, असा बिनतोड प्रश्न आला, त्याला तितकेच बिनतोड प्रत्युत्तर गेले. वहीतल्या पहिल्या रकान्यात रेघांचे रान माजले आणि तिसरा रकाना कोरा राहिला.

उमरेडकडून रोज एस. टी. ने येणारी एक मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "अधिवेशनात आत काय होतं ते मला ठाऊक नाही. पण आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाया मोर्चाला नागपूरला येतात नं, त्या रात्री घरी परत जातात. मुंबईला त्या गेल्याच नसत्या." एवढेच. मग मात्र गाडी रुळावर आली. गडचिरोलीचा माणूस सकाळी निघून दुपारी विधानभवनाच्या रस्त्यावर उभा राहू शकतो, मुंबई ८०० किलोमीटरहून दूर आहे. म्हणजे खर्च कोणाचा मोजायचा? सरकारचा की मोर्चेकऱ्याचा? असा नवाच प्रश्न निघाला. शेवटच्या पाच मिनिटांत गटाने ठरवले की अधिवेशन येथे असावे, पण त्याचे दिवस आणि त्यात विदर्भाच्या प्रश्नांना मिळणारा वेळ यांचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. निर्णय बरोबर की चूक ते सोडा. गट कुठून तरी कुठे तरी पोहोचला. वहीत तिच्या नावापुढे पहिल्या रकान्यात दोन रेघा होत्या आणि तिसऱ्या रकान्यातली त्या दिवसाची पहिली रेघ तिचीच होती.

या प्रकाराला मानसशास्त्रात पुरावा आहे, हे मला नंतर कळले. गॅरोल्ड स्टासर आणि विल्यम टायटस या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांनी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी तीन उमेदवारांतून एक निवडायचा होता. काही माहिती चौघांनाही दिलेली होती आणि काही माहिती एकेकालाच. सगळी माहिती एकत्र केली तर एक उमेदवार उघडपणे सरस ठरत होता. पण गटांनी चर्चा केली ती प्रामुख्याने सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची! एकेकाजवळची माहिती त्याच्या खिशातच राहिली आणि पुष्कळ गटांनी सरस उमेदवार सोडून दुसराच निवडला. आमच्या खोलीत करार आणि खर्च हे आठहीजणांना ठाऊक होते. अंगणवाडीच्या बाया एकीलाच ठाऊक होत्या.

म्हणून माझा आग्रह असा, की चर्चेचा विषय मिळताच पहिले मिनिट शांत राहून स्वतःला विचारावे : या विषयातले असे काय आहे जे मला माहीत आहे आणि या खोलीत बहुधा दुसऱ्या कोणाला नसेल? कला शाखेच्या विद्यार्थ्याने तर हे हमखास विचारावे. अभियांत्रिकीची मुले आकडे आणतील. आपल्याजवळ इतिहास आहे, समाजशास्त्र आहे, आणि खेड्यातून येणाऱ्याजवळ खेडे आहे. रोहयोच्या कामावर गेलेली आई, संत्र्याच्या बागेत झालेला तोटा, वसतिगृहात भांडण मिटवताना आलेला अनुभव, हे सारे पुरावे आहेत. आपण ते लाजून लपवतो आणि वर्तमानपत्रातले अग्रलेख पाठ म्हणतो.

मात्र येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गप्प बसणाऱ्यांना हा लेख सोयीचा वाटेल. बर्नार्ड बास या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली पुढारी न नेमलेल्या गटचर्चांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जो जितका अधिक बोलतो तितके नेतृत्वाचे गुण त्याला अधिक मिळतात, असा दाट संबंध त्यात आढळला. परीक्षकही माणसेच. जे ऐकूच आले नाही त्याला गुण कसे देणार? तेव्हा मौन हा सद्गुण असला तरी या खोलीत तो पदरात काही टाकत नाही. वीस मिनिटांत चार-पाच वेळा बोलणे, त्यातले एकदा पहिल्या तीन-चार मिनिटांत, हे प्रमाण आमच्या नोंदवहीवरून मला ठीक वाटते. पहिल्यांदा बोलण्याचा अट्टहास नको. पहिला बोलणारा पुष्कळदा विषयाची व्याख्या करण्यात अडकतो. दुसरे-तिसरे बोलावे, म्हणजे एकाला जोडूनही बोलता येते.

सगळेच एकदम बोलू लागले तर काय करावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. आवाज चढवून उपयोग नाही, हात वर करून तर मुळीच नाही. ते वर्गात शोभते. बोलणारा श्वास घेईल तेथे शिरावे आणि शिरताना त्याचाच धागा पकडावा. "तीन नंबरने खर्चाचा मुद्दा काढला, त्याला जोडून..." असे म्हटले की तीन नंबर तरी गप्प होतो, कारण आपल्या मुद्द्याचे पुढे काय होते ते त्याला ऐकायचे असते. वाक्य लहान ठेवावे. मुद्दा आधी, कारण मागाहून. उलट केले तर कारणातच कोणीतरी तोडतो आणि मुद्दा तोंडात राहतो.

काही शिकवणीवर्गांत 'गप्प बसलेल्याला बोलते करा, गुण मिळतात' असे शिकवतात. परिणाम असा, की चर्चेच्या बाराव्या मिनिटाला चार दिशांनी चार बोटे एका भेदरलेल्या मुलाकडे वळतात आणि "तुमचं मत काय?" असा भडिमार होतो. त्याची भीड चेपण्याऐवजी तो पुरता गारठतो. खरोखर कोणाला वाट करून द्यायची असेल तर त्याने अर्धवट सोडलेले वाक्य लक्षात ठेवावे आणि गोंगाट ओसरल्यावर "सहा नंबर मघाशी पाण्याविषयी काही सांगत होते" एवढेच म्हणून आपण थांबावे. यात नाटक नाही आणि उपकारही नाही. शेवटी समारोप करण्याची धडपडही अशीच. पाचजण एकदम "तर निष्कर्ष असा..." म्हणू लागले की समारोपाचीच लढाई होते.

आता भाषा. स्टेट बँकेच्या सामूहिक अभ्यासात आणि मुलाखतीत हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी भाषा निवडता येते. आपल्याला नागपूरकर म्हणून हिंदीचा लाभ जन्मजात आहे. पुण्याच्या मुलाला जे कष्टाने जमते ते आपण पानठेल्यावर शिकतो. पण पानठेल्यावरची हिंदी पानठेल्यावरच ठेवावी. आपल्या हिंदीत मराठी क्रियापदे बेमालूम मिसळलेली असतात, 'आप'चे 'तुम' केव्हा होते ते कळत नाही, आणि ऐन रंगात आलो की तोंडून 'बे' निघते. हे 'बे' सीताबर्डीच्या चौकात प्रेमाचे असते, परीक्षकाच्या कानाला ते प्रेमाचे वाटेलच असे नाही. सैन्यदलाच्या मंडळात इंग्रजीचे वातावरण असते हे खरे. तेथे अलंकारिक इंग्रजी बोलण्याच्या फंदात पडू नये. कर्ता, क्रियापद, मुद्दा, संपले. माझ्या गटातला तो बल्लीवाला मुलगा अशाच चार-चार शब्दांच्या इंग्रजीत बोलत असे आणि त्याचे म्हणणे सर्वांना कळत असे.

वाचनाविषयी फार लिहीत नाही, कारण 'रोज वर्तमानपत्र वाचा' हा उपदेश ऐकून तुमचे कान किटले असतील. माझी रीत एवढीच, की आठवड्याला एक विषय घ्यावा आणि तो एका मराठी व एका इंग्रजी पत्रात ताडून पाहावा. आपल्या ग्रंथालयात 'हितवाद' येतो. नामदार गोखल्यांनी १९११ साली नागपुरात सुरू केलेले हे पत्र आपल्यासाठी सोयीचे आहे, कारण त्यात आपल्याच शहराच्या बातम्या इंग्रजीत असतात. विषय ओळखीचा असला की परकी भाषा निम्मी सोपी होते. मग वहीच्या एका पानावर त्या विषयातला एक आकडा, एक ठिकाण, आणि आपल्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा लिहावा. तिसरे लिहिणे जड जाते. तेच सर्वांत उपयोगी पडते.

सैन्यदलाकडे जाणाऱ्यांसाठी एक माहिती द्यायची राहिली. नाशिक रोड येथे राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी तेथे दहा दिवसांच्या वर्गात करून घेतात, राहणे-जेवणासह, विनामूल्य. लेखी परीक्षा पार केलेल्यांना किंवा एन. सी. सी. मार्फत शिफारस झालेल्यांना प्रवेश मिळतो आणि चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची असते. ज्यासाठी बाहेर हजारो रुपये मोजावे लागतात ते येथे शासन फुकट शिकवते, आणि आपल्याकडे त्याची कोणाला खबर नसते.

आपल्या गुरुजनांनाही एक विनंती करावीशी वाटते. आपल्या वर्गात एक बोलतो आणि ऐंशी ऐकतात. सेमिनार असला तरी एकजण निबंध वाचतो आणि बाकीचे हजेरीची वाट पाहतात. महिन्यातून एक तास जरी आठ-आठ जणांना विषय देऊन बसवले आणि आपण बाजूला बसून नुसते पाहिले, तरी आपला विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचेतो वीस-पंचवीस वेळा त्या टेबलाशी बसलेला असेल. आज तो पहिल्यांदा बसतो तो थेट परीक्षकापुढे.

तोवर आमची शनिवारची बैठक आहेच. तास संपले की अर्ध्या तासाने सुरू होते, चहा ज्याचा त्याने आणायचा. कोणत्याही शाखेच्या, कोणत्याही वर्षाच्या विद्यार्थ्याने यावे. पहिल्या दिवशी मात्र बोलायला मिळणार नाही, वही घेऊन बाजूला बसावे लागेल. मी जूनमध्ये नसेन. नोंदवही ग्रंथालयात ठेवून जात आहे, आजवर झालेल्या एकोणतीस विषयांची यादी तिच्या शेवटच्या पानावर आहे, आणि तिसावा विषय अजून कोणी सुचवलेला नाही.